तरुण शेतकरी आणि सरकारी अनुदान

शेतीत तरुण माणूस टिकत नाही, ही तक्रार आज गावोगावी ऐकू येते. आणि तिला उतारा म्हणून, नव्याने नांगर धरणाऱ्या तरुणास सरकारने आरंभीचे भांडवल द्यावे, ही मागणीही तितक्याच जोराने होत आहे. मागणी वाजवी आहे आणि तिच्याविरुद्ध लिहिण्याचा आमचा हेतू नाही. परंतु सरकारी पैसा तिजोरीतून निघाल्यावर कोणत्या वाटेने जातो, कोठे अडतो आणि अखेर कोणाच्या पदरात पडतो, हे पाहण्यात आमचे नोकरीचे सारे आयुष्य गेले. महसूल खात्यातील खालच्या पायरीवरील कारकुनास धोरण ठरविता येत नाही. तथापि धोरणाचा कागद गावच्या दप्तराला येऊन भिडतो तेव्हा काय होते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास क्वचितच दिसते. सबब या विषयावर चार शब्द खातेदार बंधूंपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ते सर्वांस गोड लागतीलच असे नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, ही म्हण आपल्या आजोबांच्या तोंडी होती. आज बापच मुलास सांगतो की, बाबा, काही कर पण शेतीत राहू नको. इ. स. २००३ साली राष्ट्रीय नमुना पाहणीत देशभरच्या शेतकऱ्यांस विचारले असता, दुसरा धंदा निवडता आला तर शेती सोडू, असे शेकडा सुमारे ४० जणांनी सांगितले. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर मोर्चा नेला. त्याची वर्तमानपत्रांत थट्टा झाली. पण शेती करणाऱ्या मुलास मुलगी द्यावयास शेतकरीच तयार नाही, ही त्यामागची गोष्ट थट्टेची खास नव्हे. ज्याच्या घरी स्वतःची पाच एकर बागायत आहे असा गृहस्थही आपल्या लेकीसाठी नोकरीवालाच पाहतो. आपल्या धंद्याविषयीचा आपलाच निकाल याहून स्पष्ट शब्दांत कोणी द्यावा?

जमिनीचे मानही पालटले आहे. कृषिगणनेप्रमाणे १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी वहितीधारकाकडे ४.२८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकरांवर आली. पंचेचाळीस वर्षांत खाते तिसऱ्या हिश्शाहूनही लहान झाले. एवढ्या जमिनीवर बाप, आई, दोन मुले आणि त्यांच्या संसारांचा निर्वाह जुन्या रीतीने व्हावयाचा नाही, हे कोणीही सांगेल. नवी रीत पाहिजे, म्हणजे विहीर, ठिबक, फळबाग, दुभते जनावर, शेडनेट असे काही तरी पाहिजे. आणि त्यास पैसा पाहिजे. येथूनच अनुदानाचा प्रश्न उत्पन्न होतो.

शेतकऱ्यास सरकारने पैसा पुरविण्याची कल्पना नवी नाही. १८७५ साली सुप्यास व आसपास सावकारांविरुद्ध दंगे उसळले. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांविषयीचा कायदा झाला, आणि पुढे १८८३ व १८८४ साली तगाईचे दोन कायदे झाले. पहिला विहीर, ताल, बांध अशा कायम सुधारणेसाठी, दुसरा बी-बियाणे व बैल यांसाठी. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. एवढे होऊनही १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेच्या विद्यमाने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी झाली, तेव्हा असे आढळले की शेतकऱ्याच्या एकंदर कर्जापैकी सरकारकडून शेकडा ३.३ आणि सहकारी संस्थांकडून शेकडा ३.१ एवढाच भाग मिळत होता. कायदे होऊन सत्तर वर्षे लोटली तरी बाकीचा बहुतेक सारा भार सावकार, व्यापारी व सगेसोयरे यांच्यावरच होता. तात्पर्य हे की, सरकारने द्यावयाचे ठरविणे आणि शेतकऱ्यास मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि त्या दोहोंच्या मध्ये गावचे दप्तर बसलेले असते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. सरकारच्या लेखी शेतकरी कोण? जो पहाटे उठून मोट, म्हणजे आता मोटार, सुरू करतो तो नव्हे. जो फवारणीचा पंप पाठीवर घेतो तोही नव्हे. ज्याचे नाव सात-बाराच्या उताऱ्यावर आहे तो. गाव नमुना सात हा हक्काचा आणि गाव नमुना बारा हा पिकाचा. मदत सातकडे पाहून मिळते, बाराकडे पाहून मिळत नाही. आणि सातवर नाव कोणाचे असते? वडिलांचे, पुष्कळदा आजोबांचे. आणि जेथे वारसनोंद वर्षानुवर्षे राहिली आहे तेथे स्वर्गवासी झालेल्या पणजोबांचेसुद्धा. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून एका भावाचे नाव लागलेले, बाकीचे भाऊ इतर हक्कात किंवा कोठेच नाहीत, असे उतारे आम्ही किती पाहिले याची गणती नाही.

या स्थितीत तिशीतला मुलगा, जो दहा वर्षे शेत कसतो आहे, सरकारदरबारी शेतकरीच नसतो. त्यास स्वतःच्या नावे पीककर्ज नाही. २०२५ पासून महाराष्ट्रात योजनांच्या लाभासाठी जो शेतकरी ओळख क्रमांक लागतो तो खात्याशी बांधलेला. खाते नाही तर क्रमांक नाही. केंद्र सरकारची वर्षास ६,००० रुपयांची किसान सन्मान निधीची योजना आखताना १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख ठरविण्यात आली. त्या दिवशी ज्याचे नाव जमिनीवर होते तो पात्र. त्यानंतर जमीन नावावर आली तर लाभ नाही. मात्र धारक मयत होऊन वारसाने आली तर सवलत. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. बापाने जिवंतपणी हाताने उचलून दिलेल्या जमिनीवर मुलगा अपात्र, आणि बापाच्या मरणाने आलेल्या जमिनीवर तो पात्र! असा नियम करणाराच्या मनात काही वाईट होते असे आम्ही म्हणत नाही; लबाडीने खाती फोडून लाभ घेणारांस आवर घालावा हाच त्याचा हेतू असणार. परंतु परिणाम पाहिला तर, तरुणाने वाट पाहावी आणि म्हाताऱ्याने जमीन धरून ठेवावी, हीच शिकवण त्यातून मिळते.

लेकीसुनांची गोष्ट तर याहून कठीण. शेतातील निम्म्याहून अधिक काम ज्या करतात, त्यांच्याकडे २०१५-१६ च्या गणनेप्रमाणे देशातील वहितीच्या खात्यांपैकी शेकडा सुमारे १४ च खाती होती. तरुण शेतकरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुलगाच उभा राहतो. मुलगीही शेती करू शकते व हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत तिचा मुलाइतकाच हिस्सा आहे, हे आपण सोयीने विसरतो.

दुसरी अडचण पैशाच्या क्रमाची आहे. आपल्याकडील बहुतेक अनुदाने मागाहून मिळणारी आहेत. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग स्वतःच्या पैशाने खरेदी, मग बिल, मग तपासणी, आणि शेवटी बँकेत रक्कम. ठिबक संचासाठी केंद्राचे व राज्याचे पूरक अनुदान मिळून अल्पभूधारकास खर्चाच्या शेकडा ८० पर्यंत आणि इतरांस शेकडा ७५ पर्यंत देण्याचे धोरण महाराष्ट्रात आहे. उदार धोरण आहे, यात संशय नाही. पण लाखाचा संच आधी घेण्याची ज्याची ऐपत आहे त्यालाच पुढे ऐंशी हजार परत मिळतात. ज्याच्याजवळ लाख नाहीत त्याच्यासाठी ते ऐंशी हजार कागदावरच राहतात. ज्याचे बस्तान बसलेले आहे त्यास ही रीत चालते; ज्यास बस्तान बसवावयाचे आहे त्यास चालत नाही. शेतकी पदवीधरांसाठी २००२ पासून कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्रांची योजना आहे. तीत विनामूल्य शिक्षण, बँकेचे कर्ज व त्यावर शेकडा ३६ ते ४४ अनुदान आहे. तीही स्तुत्य आहे. परंतु तिचा रोख शेतकऱ्यास सल्ला व सेवा विकणाऱ्या धंद्याकडे अधिक. बापाच्या चार एकरांवर नवा संसार मांडणाऱ्या मुलास तिचा उपयोग थोडाच.

आता परदेशी काय केले ते पाहणे अगत्याचे आहे. कारण तरुण शेतीतून निघून जाण्याचे दुखणे आपल्या एकट्याचेच नाही.

फ्रान्स देशाने हा प्रश्न दोन्ही टोकांनी धरला. १९६० च्या कायद्याने तेथे जमीन व्यवस्थेच्या मंडळ्या स्थापन झाल्या. विक्रीस निघालेली शेतजमीन घेऊन ती शेती करणाऱ्याच्याच हाती जावी हे त्यांचे काम. १९६२ साली त्यांना अशा जमिनीवर प्रथम खरेदीचा हक्क मिळाला. त्याच वर्षी, जो वृद्ध शेतकरी आपली जमीन सोडून देईल त्यास आमरण वर्षासन देण्याची तजवीज झाली. एवढी भूमी तयार केल्यावर मग १९७३ साली डोंगरी मुलुखात, आणि १९७६ पासून सर्व देशात, नव्या तरुण शेतकऱ्यास आरंभीचे अनुदान सुरू झाले. त्यास अटी आहेत : वय चाळिशीच्या आत, शेतीचे रीतसर शिक्षण, आणि पुढील काही वर्षांच्या धंद्याचा लेखी आराखडा. क्रम लक्षात घ्यावा. आधी जमिनीची वाट मोकळी केली, मग म्हाताऱ्याच्या भाकरीची सोय लावली, आणि त्यानंतर तरुणाच्या हाती पैसा दिला.

युरोपीय संघाने हेच अनुदान सर्व सभासद देशांत नेले. २०२३ ते २०२७ या मुदतीच्या धोरणात एका तरुणास एक लाख युरोपर्यंत आरंभीचे साहाय्य देता येते. त्यापूर्वी ही मर्यादा सत्तर हजार होती. आपल्या रुपयांत ही रक्कम पाऊण कोटीच्या वर जाते. इतका पैसा ओतून काय झाले? संघाच्याच हिशेब तपासनिसांनी २०१७ साली यावर स्वतंत्र अहवाल दिला. २००७ ते २०२० या काळासाठी तरुण शेतकऱ्यांच्या नावे ९६० कोटी युरो राखले असताना, चव्वेचाळीस वर्षांपर्यंतच्या शेतकऱ्यांची संख्या २००५ मधील ३३ लाखांवरून २०१३ मध्ये २३ लाखांवर उतरली, असे त्यांनी दाखविले. आणि मदत नेमकी कोणास व कशासाठी हे अधिक स्पष्ट असावे, असा शेरा मारला. २०२० च्या गणनेत तेथील शेती चालविणारांपैकी चाळिशीच्या आतले शेकडा १२ सुद्धा भरले नाहीत. जेथे पैशास तोटा नाही तेथेही नुसत्या पैशाने काम झाले नाही, हा धडा आपण फुकट मिळतो आहे तर घ्यावा.

जपानची तऱ्हा आणखी निराळी. तेथे २०२० साली शेतीवर मुख्यत्वे राबणाराचे सरासरी वय ६७.८ वर्षे होते. २०१२ पासून तेथील सरकार नव्या शेतकऱ्यास वर्षाला १५ लाख येनपर्यंत रक्कम देऊ लागले. ही रक्कम यंत्र घेतल्याचे बिल दाखवून मिळत नाही. पहिल्या वर्षांत पीक हाती येत नाही, पोट मात्र रोज लागते, म्हणून निर्वाहासाठी ती मिळते. शिकत असताना दोन वर्षे आणि शेती सुरू केल्यावर काही ठरावीक वर्षे, अशी तिची आखणी होती. मुदतीपूर्वी शेती सोडल्यास घेतलेली रक्कम परत करण्याची अटही आहे. म्हणजे हात मोकळा, पण बंधन लेखी. आपल्याकडे नेमके उलटे आहे : देताना शंभर कागद, आणि दिल्यावर त्या ठिबकाचे काय झाले हे विचारणारा कोणी नाही.

मग आपण सरकारजवळ काय मागावे? नुसते 'तरुणांस अनुदान द्या' असे मागितल्यास आणखी एक योजना निघेल, तिला एखाद्या थोर पुरुषाचे नाव लागेल, आणि तिचे अर्ज पुन्हा सात-बाराच्या उंबरठ्यावर अडतील. आमच्या मते मागणी पुढीलप्रमाणे असावी.

पहिली गोष्ट, चाळिशीच्या आतील ज्या मुलामुलीस वडिलांनी जमिनीचा काही भाग जिवंतपणी रीतसर नावे करून दिला आहे, किंवा निदान दहा वर्षांच्या नोंदलेल्या कराराने कसण्यास दिला आहे, त्यांस तरुण खातेदार म्हणून निराळे धरावे, आणि त्यांच्याकडून पूर्वीच्या तारखेचे बंधन काढून घ्यावे. मरणाने आलेल्या जमिनीस जी सवलत आहे ती मायेने दिलेल्या जमिनीस का नसावी?

दुसरी, जमीन सोडणाऱ्या वृद्धास निर्वाहवेतन असावे. २०१९ साली केंद्राने अल्पभूधारकांसाठी साठीनंतर महिना ३,००० रुपयांची निवृत्तिवेतन योजना काढली. परंतु तीत नाव घालण्याचे वय १८ ते ४०, आणि वर्गणीही आधी भरावयाची. जो आजच पासष्टीचा आहे त्यास तिचा उपयोग नाही. त्याच्या हातून जमीन सुटावी असे वाटत असेल तर त्याच्या हाती दुसरे काही तरी दिले पाहिजे.

तिसरी, रक्कम एकदम नको, आणि सर्व मागाहूनही नको. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत, जी २०१८ साली निघाली, अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे विभागून दिले जाते, आणि झाडे ठरीव प्रमाणात जिवंत असतील तरच पुढचा हप्ता मिळतो. ही रीत उत्तम. तरुणाच्या अनुदानासही हीच लावावी : पहिला हप्ता आरंभी व निर्वाहासाठी, पुढचे हप्ते प्रत्यक्ष काम पाहून. पीकपाहणी आता शेतकऱ्याच्याच हातातील यंत्रावर होते. तेव्हा काम झाले की नाही हे पाहण्यास वेगळे पथक नेमण्याचे कारण नाही.

चौथी, घेतलेले अनुदान व ती जमीन ठरावीक वर्षे शेतीतच राहावी. अनुदान उचलून दोन वर्षांत जमीन बिनशेती करून प्लॉट पाडणारांकडून रक्कम व्याजासह वसूल व्हावी. ही अट आपणच मागावी. म्हणजे शेतकरी फुकटखाऊ आहे असे शहरांत म्हणण्यास जागा राहणार नाही.

येथवर सरकारचे काम झाले. आता आपले. आणि खरे सांगावयाचे तर आमचे अधिक गाऱ्हाणे आपणा वडीलधाऱ्या खातेदारांविषयीच आहे. आम्हीही त्याच वयाकडे चाललो आहो, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार घेतो.

मुलगा शेतीत राहत नाही म्हणून आपण हळहळतो. पण तो राहिला तर त्यास काय देतो? राबणूक त्याची, आणि आडतीची पट्टी आपल्या नावे. कोणते पीक घ्यावे हे आपण ठरवावयाचे, बाजाराचा पैसा आपल्या खिशात, आणि पोराने चपला घेण्यासाठीसुद्धा हात पसरावयाचा. त्याचा सोबती पुण्यास कारखान्यात महिना पंधरा हजारांवर राबतो. तो भाड्याच्या खोलीत राहतो, पण ते पंधरा हजार त्याचे स्वतःचे असतात. आपल्या मुलास एकरभर ऊस असूनही स्वतःचे असे शंभर रुपये नसतात. तो गाव सोडतो तो केवळ पैशासाठी सोडतो, असे आम्हांस वाटत नाही. पुष्कळदा तो आपल्या नावासाठी सोडतो.

यावर वडील मंडळी म्हणतील : जमीन लिहून दिली आणि पोराने घराबाहेर काढले तर? ही भीती खोटी नाही. म्हातारपणी दारोदार फिरणारे खातेदार आम्ही चावडीवर पाहिले आहेत, आणि जमीन देऊन बसलेल्या बापाचा चेहरा आम्ही विसरलेलो नाही. परंतु या भीतीस कायद्याने काही उतारा दिला आहे. २००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन दिली व ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. मात्र अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी; तोंडी समजुतीवर राहू नये, कारण अट लिहिलेली नसल्यामुळे पुढे न्यायालयांत वाद पडलेले आहेत. बापलेकांत कागद कशाला, असे म्हणणारांस आमचे उत्तर एवढेच की, कागद नसल्यामुळे तुटलेली घरे आम्ही पाहिली. कागद केल्यामुळे तुटलेले घर क्वचितच पाहिले.

आणि सगळी जमीन द्यावी असे आम्ही म्हणतच नाही. पाच एकर असतील तर एक द्यावी; पण ती पाण्याची द्यावी. माळाचा खडकाळ तुकडा देऊन दातृत्वाचा आव आणू नये. उरलेली जमीन आपल्या नावे राहिली म्हणजे आपले वजनही राहते; आणि सन्मान निधीचा हप्ता क्षेत्रावर अवलंबून नसल्याने, थोडी जमीन आपल्या नावे ठेवणाऱ्या पात्र खातेदाराचा हप्ता केवळ क्षेत्र कमी झाल्याने जात नाही. खर्चाचे म्हणाल तर, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांस शेतजमीन बक्षीस देताना महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. नोंदणीचा इतर खर्च निराळा. वडिलोपार्जित जमीन असल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सर्व सहधारकांच्या संमतीने तहसीलदारांपुढे वाटणीची सोय आहे. तुकडेबंदीचे मान तेवढे सांभाळावे. २०२३ साली ते जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे ठरले आहे. आणि मुलीचा हिस्सा गुपचूप हक्कसोड लिहून घेऊन मोकळे होऊ नये. तिला जमीन नको असेल तर तिने तसे समजून उमजून म्हणावे, दबावाने म्हणू नये.

जमीन नावे करणे सर्वांस जमेल असे नाही. ज्यांस आज शक्य नाही त्यांनी निदान तीन कामे येत्या पाडव्यापूर्वी करावीत. एक, मयत झालेल्या वडिलांच्या व आजोबांच्या नावाची वारसनोंद पुरी करून घ्यावी. त्यास लागणारे कागद थोडे आहेत, आळस मात्र मोठा आहे. दोन, मुलाच्या किंवा मुलीच्या ताब्यात शेताचा एक ठरीव तुकडा द्यावा, त्यातील पीक, खर्च व विक्री यांचा हिशेब त्याने स्वतंत्र ठेवावा आणि नफा त्याचाच असावा. तीन, गावच्या सोसायटीत त्यास सभासद करण्याची वाट कोणत्या कागदाने मोकळी होते ते सचिवास विचारावे. या तिन्हींस सरकारी अनुदान लागत नाही.

काही विचारी गृहस्थ म्हणतात की, शेतमालास भाव मिळत नाही हे खरे दुखणे. जमीन नावे केल्याने किंवा अनुदानाने कांद्याचा भाव चढत नाही. हे त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. तरुणास मिळालेले भांडवल पडत्या भावात एका हंगामात बुडू शकते, आणि मग त्याच्या डोक्यावर कर्ज तेवढे राहते. भावाचा प्रश्न सुटल्यावाचून कोणतेही अनुदान पुरे पडावयाचे नाही. परंतु भावासाठी झगडावयाचे, मंडळी काढावयाची, बाजाराची वही वाचावयाची, ती कोणी? साठीतल्या आपण की तिशीतल्या त्याने? ज्याचे नाव उताऱ्यावर नाही, तो आपल्या नसलेल्या मालाच्या भावासाठी का म्हणून भांडेल?

दुसरे कोणी म्हणतात, फुकटच्या पैशाने पोरे बिघडतात. काही बिघडतील. पण बिनव्याजी, बिनहिशेबी पैशाने माणूस बिघडतो तसा, हिशेबाने दिलेल्या पैशाने तो सुधारतोही. म्हणूनच हप्ते, अटी व परतफेड यांवर आम्ही इतका भर दिला.

सरकारकडे मागणी करणारे ठराव आपल्या संस्थेच्या सभेत यावेत, आणि वरील चार कलमे त्यांत असावीत, अशी आमची सूचना आहे. परंतु ठराव करणाऱ्या सभासदांनी आपापला सात-बारा बरोबर आणावा, हीही आमची विनंती आहे. त्यावर किती जणांच्या मुलांचे वा मुलींचे नाव लागले आहे ते मोजले, म्हणजे मागणी कोणाकडे आधी करावयाची हे सभेस आपोआप कळेल.